टॅप की टीझेडएक्स? स्पेक्ट्रमच्या कॅसेटी उतरवताना

झेडएक्स स्पेक्ट्रम या जुन्या घरगुती कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमच्या कॅसेटी लॅपटॉपवर उतरवायला घेतल्या की हा प्रश्न हमखास पडतो: कॅसेटवरचा माल साठवायचे हे दोन फाइल-प्रकार, तर फाइल टॅप ठेवू की टीझेडएक्स? टीझेडएक्स ही टॅपचीच सुधारलेली आवृत्ती, असं धरून बरेच जण सगळं सरसकट त्यात बदलून मोकळे होतात. त्याने फाइल बिघडत नाही, पण हाती काही लागतही नाही.

आधी कॅसेट ऐका. १९८२ साली आलेला हा कॉम्प्युटर (आपल्याकडे तो पुढे 'डीबी स्पेक्ट्रम' म्हणून विकला गेला) प्रोग्रॅम साध्या टेपरेकॉर्डरवरून घ्यायचा. लोड दिलं की पाचेक सेकंद एकसुरी शिट्टी, स्क्रीनच्या कडेला लाल-आकाशी पट्टे. मग क्षणभर किरकिर, म्हणजे हेडर: प्रोग्रॅमचा प्रकार, दहा अक्षरांत मावणारं नाव, लांबी. पुन्हा दोन सेकंद शिट्टी, आणि मग निळ्या-पिवळ्या पट्ट्यांसोबत खरा माल. प्रोसेसरचे ठोके सेकंदाला ३५ लाख. शून्य लिहायचा तर ८५५ ठोक्यांचे दोन स्पंद (आवाजाचे छोटे झटके), एक लिहायचा तर १७१० ठोक्यांचे दोन. हे सगळं रॉममध्येच, म्हणजे कॉम्प्युटरच्या आतल्या कायमच्या प्रोग्रॅममध्येच, ठरलेलं.

टॅप फाइल यातले फक्त बाइट उचलते. हेक्स एडिटरमध्ये (फाइलचे बाइट आकड्यांत दाखवणारा प्रोग्रॅम) उघडलीत तर सुरुवातीला बहुधा १३ ०० ०० दिसेल. पहिले दोन बाइट म्हणजे पुढच्या तुकड्याची लांबी. हेक्समधले, म्हणजे सोळाच्या पायाने मोजलेले, १३ म्हणजे आपले १९: हेडरचे १७, त्यांच्या आधी खुणेचा एक, शेवटी पडताळणीचा एक. शिट्टी किती वेळ वाजली, स्पंद किती लांब होते, याची नोंदच नाही. रॉमचे नियम सगळ्यांना ठाऊक आहेत, मग लिहायचं कशाला, असा हिशेब. तुम्ही स्वतः बेसिकमध्ये लिहून सेव्ह केलेले प्रोग्रॅम असतील तर तो हिशेब बरोबर आहे.

घोळ होतो तो विकत मिळणाऱ्या गेममध्ये. दोन टेपरेकॉर्डर समोरासमोर ठेवून कॉप्या निघायला लागल्यावर कंपन्यांनी रॉमला बाजूला सारून स्वतःचे लोडर, म्हणजे कॅसेट वाचणारे प्रोग्रॅम, आणले. स्पीडलॉक त्यातला गाजलेला. त्याच्या शिट्टीत मध्येच टकटक ऐकू येते, आणि लोडर त्या टकटकीची वाट पाहत असतो. टॅपमध्ये तिला जागाच नाही.

टीझेडएक्स नेमकं हेच टिपतो. फाइलच्या तोंडाशी 'झेडएक्सटेप!' ही अक्षरं सरळ वाचता येतात, आणि पुढे क्रमांक दिलेले ब्लॉक. हेक्स १० म्हणजे रॉमच्या नियमातला साधा तुकडा. ११ मध्ये वेग बदललेला, म्हणून प्रत्येक प्रकारच्या स्पंदाची लांबी सोबत. १२ म्हणजे नुसती शिट्टी. १३ मध्ये सुटे स्पंद, एकेकाच्या मापासह.

टॅप म्हणजे वहीत उतरवलेले गाण्याचे शब्द, टीझेडएक्स म्हणजे शब्दांसोबत नोटेशन, आणि ज्यातून हे दोन्ही काढलं ती वेव्ह फाइल म्हणजे प्रत्यक्ष रेकॉर्डिंग. नुसत्या शब्दांवरून चाल परत येत नाही. टॅपची टीझेडएक्स केलीत तर आत सगळे १० क्रमांकाचेच ब्लॉक निघतील.

आणखी एक फसवणूक: कमोडोर ६४ च्या फायलींचं एक्स्टेन्शनही टॅपच, पण तिथे एकेका स्पंदाची लांबी साठवलेली असते. म्हणजे नाव एक, जात उलटी. कुणी 'टॅप पुरते' म्हणालं तर आधी विचारा, कुठल्या मशीनची.

परत स्पेक्ट्रमवर पाठवताना फाइलची वेव्ह करून फोनच्या हेडफोन सॉकेटमधून स्पेक्ट्रमच्या 'इअर' सॉकेटमध्ये सोडा. सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या सँपलिंगला रॉमच्या सगळ्यात आखूड डेटा स्पंदालाही दहाएक नमुने मिळतात, तेवढे पुरतात. इक्वलायझर मात्र बंद हवा. 'टेप लोडिंग एरर' आली तर फाइलवर संशय घेण्याआधी आवाज वाढवून पाहा.

मूळ वेव्ह मी पुसत नाही. माझ्या एका कॅसेटवर दोन प्रोग्रॅमांच्या मध्ये दादाचा आवाज आहे: "काउंटर एकशे चाळीस." उतरवून काढलेल्या टॅपमध्ये तो नाही, टीझेडएक्समध्येही नाही.