पेल्विसचे ऑपरेशन: पलंग-वॉकर भाड्याने नेण्यापूर्वी

फोंड्यातल्या आमच्या दुकानात घरची माणसे हातात एक्स-रे घेऊन येतात आणि विचारतात, "शेजारच्या पेशंटला बाहेरून सळ्या लावल्या, आमच्या बाबांना नुसते दोन स्क्रू. असे का?" म्हणून हे पत्रक.

दोन्ही बाजूंची खुब्याची हाडे आणि माकडहाडाच्या वरचे सॅक्रम मिळून एक कडे होते, तेच पेल्विस. जोराचा मार बसला की बांगडीसारखे ते सहसा दोन जागी सुटते, पुढे आणि मागे. कडे किती डळमळीत झाले हे सीटी स्कॅनवर बघून डॉक्टर ऑपरेशन ठरवतात. न्हाणीघरात घसरलेल्या आजींचे पुढचे हाड तडकते, पण कडे बहुधा पक्के राहते. तिथे वेदनाशामक आणि वॉकर पुरतो.

स्कूटरचा अपघात किंवा माडावरून पडणे वेगळे. आधी रक्तस्राव आवरायचा असतो, त्यासाठी खुब्यांच्या पातळीवर घट्ट पट्टा बांधतात. गरज पडली तर हाडात पिना रोवून बाहेरून सळ्यांची चौकट लावतात, बहुतेकदा तात्पुरती. पेशंट सावरल्यावर पुढचा सांधा अडीच सेंटिमीटरहून जास्त फाकलेला असेल तर प्लेट. मागचा सुटला असेल तर छोट्या छेदातून, सी-आर्मवर (ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणारे मशीन) बघत, सॅक्रमपर्यंत लांब स्क्रू. मांडीच्या हाडाचा गोळा जिथे बसतो ती खुब्याची वाटी फुटून सरकली असेल, तर बहुधा मोठा छेद घेऊन तुकडे जुळवतात. हे पहिल्या दोन आठवड्यांत झालेले बरे. तीन आठवडे उलटले की तुकडे चुकीच्या जागी धरू लागतात. वय जास्त आणि वाटीचा चुरा झाला असेल, तर काही वेळा खुबाच बदलतात.

डिस्चार्जच्या कागदावर एक गोष्ट लिहून घ्याच: कुठल्या पायावर किती वजन, आणि किती आठवडे. सहसा सहा ते बारा सांगतात. 'नुसता तळवा टेकवा' म्हणजे शरीराचा भार हातांवर आणि चांगल्या पायावर. वॉकरची मूठ मनगटाच्या घडीशी यायला हवी. चाकांचा वॉकर अशा पेशंटला आम्ही देत नाही, तो पुढे पळतो. कमोडची खुर्ची उंच घ्या. सोप्याच्या पायऱ्या चढवायला पहिल्या दिवशी दोन धट्टीकट्टी माणसे ठेवा.

रक्त पातळ ठेवणारे औषध आपल्या मनाने थांबवू नका. पोटरी सुजली, पिनांतून पू आला किंवा ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे. दम लागला तर लगेच १०८.

दाराची रुंदी मोजून कळवा. पेशंट घरी येण्याच्या आदल्या दिवशी पलंग लावून देतो.