बुचाची नाही, भोकाची गळती

लाकडी होडीत साचलेलं पाणी बाहेर सोडायचं भोक सागाच्या फळीत, पठाणाच्या म्हणजे तळाच्या कण्याच्या लगत पाडलेलं असे. चिंधी गुंडाळून लाकडाची गुडदी, म्हणजे बूच, ठोकली की काम झालं. होडी पाण्यात गेली की फळीही फुगे, गुडदीही फुगे, आणि भोक आपसूक आवळलं जाई. फळ्यांच्या सांध्यांत कापसाची वात, वर तेलात कढवलेली राळ, तळाला चुना आणि चरबी. सांधे बुजवण्याच्या या कामाला कलफात म्हणतात. शब्द अरबीत आहे, पोर्तुगीजमध्येही आहे. कुणी कुणाचा उचलला यावर एकमत नाही. मुंबईच्या गोदीत १८१७ साली बांधलेली सागवानी युद्धनौका इंग्लंडात हार्टलपूलला आजही तरंगते आहे. साग भिजायला भीत नाही.

फायबर आलं आणि एका भोकाची दोन कामं झाली. बूच निघालं पाहिजे. पण भोकाची कड बुजलेली ती कायमची बुजलेली हवी. बहुतेक छोट्या फायबर होड्यांत आउटबोर्ड, म्हणजे बाहेर टांगायचं इंजिन, बसतो त्या मागच्या फळीच्या पोटात प्लायवूड असतं. भोक पाडलं की प्लायची कड उघडी पडते, म्हणून आत पितळेची किंवा प्लास्टिकची नळी बसवून भोवती सीलंट, म्हणजे फट बुजवणारा चिकट लगदा, भरतात. ते सुटलं की पाणी बुचातून येत नाही, नळीच्या बाहेरून झिरपतं. लोक मात्र बुचंच बदलत राहतात. नळी उपटली की आंबूस वासाचं तपकिरी पाणी ओघळतं, आणि प्लाय नखाने सुटतो.

खरा वाद आत काय भरायचं याचा. सिलिकॉन स्वस्त, कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतं, तासाभरात साय धरतं. पण त्याचा पातळ थर कडेला राहिला की पुढे त्यावर रेझिन, म्हणजे फायबर जोडणारा पातळ राळेसारखा पदार्थ, धरत नाही आणि रंगही नाही. माझ्या मते होडीच्या भोकात त्याला जागाच नसावी. पॉलियुरेथेन घट्ट चिकटतं, इतकं की पुढच्या वेळी नळी काढताना जेलकोटचा, म्हणजे फायबरच्या वरच्या गुळगुळीत थराचा, पापुद्रा सोबत येतो. त्याच्यावरचा आक्षेप हाच, आणि तो खोटा नाही. पॉलिसल्फाइड या दोघांच्या मधलं, पण काही प्लास्टिकं खातं. जाणते कारागीर भोक मुद्दाम मोठं करतात, कुजका प्लाय खरवडतात, इपॉक्सी हे कडक होणारं रेझिन भरतात आणि ते कडक झाल्यावर त्यातच नवं भोक पाडतात. मग सीलंट सुटलं तरी पाण्याला प्लाय सापडत नाही.

यात अडचण मुहूर्ताची. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीला १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी असते, म्हणजे होडी मोकळी सापडते ती ऐन पावसात. लाकडाच्या काळात हे चालून जाई. होडी शाकारायची, नारळी पौर्णिमेच्या आधी कलफात करायची, पाण्यात घातल्यावर दोन दिवस उपसा काढायचा. भिजलेल्या प्लायवर मात्र रेझिन धरत नाही, आणि जुलैच्या दमट हवेत प्लाय सुकत नाही. मे महिन्यात करावं तर हंगामाची शेवटची कमाई बुडते, त्यामुळे तेव्हा कुणी होडी वर काढत नाही. हल्ली ताडपत्रीखाली मागच्या फळीशी दिवसरात्र पिवळा बल्ब पेटत ठेवलेला दिसतो, तो प्लाय सुकवण्यासाठी.