क्षितिजाची एन्ट्रॉपी आणि गुंत्याची एन्ट्रॉपी: दोन्हींत क्षेत्रफळ, तरी दोन्ही वेगळ्या

कृष्णविवरांवरच्या लेखांत आणि व्हिडिओंत एक वाक्य हल्ली सर्रास भेटतं: कृष्णविवराची एन्ट्रॉपी म्हणजे क्षितिजाच्या आतल्या आणि बाहेरच्या क्वांटम क्षेत्रांमधलं एन्टँगलमेंट. एन्ट्रॉपी म्हणजे आतल्या किती अवस्था असू शकतात याचं, थोडक्यात आपल्या अज्ञानाचं, माप; क्षितिज म्हणजे जिच्या आतून काहीच बाहेर येत नाही ती कृष्णविवराची सीमा; आणि एन्टँगलमेंट म्हणजे क्वांटम गुंता, दोन भागांच्या अवस्था एकमेकींशी अशा बांधलेल्या की त्या वेगवेगळ्या सांगता येत नाहीत. त्या वाक्यात तथ्य आहे. पण ते जसंच्या तसं घेतलं, तर या विषयातलं गेल्या पन्नास वर्षांतलं सगळ्यात सुंदर काम त्याखाली झाकलं जातं. इथे एन्ट्रॉपी दोन आहेत. दोन्हींच्या सूत्रांत क्षेत्रफळ येतं, आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

पहिली जुनी आणि प्रसिद्ध. १९७१ मध्ये स्टीफन हॉकिंग यांनी सिद्ध केलं की क्वांटम परिणाम बाजूला ठेवले तर कृष्णविवराच्या घटना क्षितिजाचं क्षेत्रफळ कधी घटत नाही. प्रिन्स्टनमध्ये जॉन व्हीलर यांच्या हाताखाली शिकणाऱ्या याकोब बेकेन्स्टाइन यांना त्यात उष्मागतिकीचा दुसरा नियम दिसला. एन्ट्रॉपी असलेली वस्तू कृष्णविवरात पडली, तर तिची एन्ट्रॉपी जाते कुठे? बेकेन्स्टाइन म्हणाले, ती क्षितिजाच्या क्षेत्रफळात जमा होते. हॉकिंग यांना हे पटलं नाही. एन्ट्रॉपी असेल तर तापमान हवं, तापमान असेल तर प्रारण हवं, आणि कृष्णविवरातून तर काहीच बाहेर पडत नाही. १९७४ मध्ये त्यांनीच क्वांटम क्षेत्र सिद्धांत वापरून हिशेब केला आणि प्रारण निघतं असं दिसून आलं. मग गुणकही पक्का झाला: प्लांक एककांत (निसर्गाच्या मूलभूत स्थिरांकांतून बनलेल्या एककांत) क्षेत्रफळाचा बरोबर चौथा भाग.

सूर्याच्या वस्तुमानाचं कृष्णविवर घ्या. त्रिज्या सुमारे ३ किलोमीटर, क्षितिजाचं क्षेत्रफळ सुमारे ११० चौरस किलोमीटर, आणि एन्ट्रॉपी बोल्ट्झमन स्थिरांकाच्या एककात १० च्या ७७ व्या घाताएवढी. खुद्द सूर्याची एन्ट्रॉपी १० च्या ५८ व्या घाताच्या आसपास आहे. या सूत्रात कृष्णविवर कशापासून बनलं, निसर्गात मूलकणांच्या किती जाती आहेत, यातलं काहीच येत नाही. पुढे हे लागणार आहे.

क्षेत्रफळाच्या नियमाला निरीक्षणाचा आधारही मिळाला आहे. अमेरिकेतल्या लायगो वेधशाळेने २०१५ मध्ये टिपलेल्या पहिल्या गुरुत्वीय लहरींचं २०२१ मध्ये पुन्हा विश्लेषण झालं. त्यात आधीच्या दोन कृष्णविवरांचं एकत्रित क्षेत्रफळ सुमारे २,३५,००० चौरस किलोमीटर आणि विलीनीकरणानंतरचं सुमारे ३,६७,००० निघालं. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होऊ घातलेल्या लायगो-इंडियामुळे अशा लहरींचा उगम आकाशात कुठे आहे, हे आणखी नेमकेपणाने सांगता येईल. अर्थात यात मोजलं जातं ते क्षेत्रफळ. ते एन्ट्रॉपी आहे, हे मात्र सिद्धांत सांगतो.

दुसऱ्या एन्ट्रॉपीला कृष्णविवर लागतच नाही. दोन इलेक्ट्रॉनांचे स्पिन (स्वतःभोवती फिरण्यासारखा एक क्वांटम गुण) एकमेकांत पूर्ण गुंतलेले असतील, तर जोडीची अवस्था शंभर टक्के ठाऊक असते आणि जोडीची एन्ट्रॉपी शून्य. पण त्यातला एकच इलेक्ट्रॉन हाती असेल तर त्याच्या स्पिनबद्दल काहीच सांगता येत नाही. त्याची एन्ट्रॉपी २ चा लॉगॅरिदम. संपूर्ण ठाऊक आणि भाग अज्ञात, हा प्रकार क्वांटम विश्वातच घडतो.

आता इलेक्ट्रॉनांच्या जागी निर्वात अवकाश घ्या. क्वांटम क्षेत्र सिद्धांतात निर्वातसुद्धा गुंतलेलं असतं: शेजारच्या बिंदूंवरचे क्षेत्राचे चढउतार एकमेकांशी बांधलेले असतात. मनानेच एक गोल आखा आणि त्याच्या आतलं सगळं हिशेबातून काढून टाका. बाहेर उरलेल्याची एन्ट्रॉपी किती? १९८६ मध्ये बॉम्बेली, कौल, ली आणि सॉर्किन यांनी, आणि १९९३ मध्ये स्वतंत्रपणे मार्क स्रेडनिकी यांनी हा हिशेब केला. उत्तर आलं गोलाच्या पृष्ठफळाच्या प्रमाणात, घनफळाच्या नव्हे. स्रेडनिकींच्या हिशेबात गुरुत्वाकर्षण औषधालाही नाही. आहेत त्या फक्त एकमेकींना जोडलेल्या क्वांटम स्प्रिंगा.

पृष्ठफळच का, याचा युक्तिवाद मला फार आवडतो. संपूर्ण अवस्था ठाऊक असेल तर आतल्या भागाची आणि बाहेरच्या भागाची एन्ट्रॉपी समान असावी लागते. आतलं घनफळ मर्यादित, बाहेरचं अमर्याद. दोघांत सामाईक असते ती फक्त सीमा. म्हणून उत्तर सीमेवरच अवलंबून असणार.

साम्य इथे संपतं. गुंत्याच्या एन्ट्रॉपीचा गुणक चतुर्थांश येत नाही. खरं तर त्याला ठरावीक किंमतच नाही. हिशेबासाठी अवकाशाचे तुकडे पाडून जी जाळी कल्पावी लागते, ती जितकी बारीक घ्यावी तितकी ही किंमत वाढते, आणि जाळी काढून टाकली की अनंत होते. शिवाय क्षेत्रांच्या जाती दुप्पट केल्या की तीही जवळपास दुप्पट होते. बेकेन्स्टाइन-हॉकिंग सूत्राला तर जातींशी देणंघेणं नाही. मग दोन्ही एकच कशा असतील?

१९९४ मध्ये लेनर्ड सस्किंड आणि जॉन उग्लम यांनी मार्ग दाखवला. जे क्वांटम चढउतार गुंत्याची एन्ट्रॉपी वाढवतात, तेच गुरुत्व स्थिरांकाच्या मूल्यातही बदल करतात. प्रयोगशाळेत आपण मोजतो तो स्थिरांक म्हणजे मूळ किंमत आणि हा बदल यांतून मिळून आलेला आकडा. त्यामुळे मूळ स्थिरांकाने लिहिलेलं क्षेत्रफळाचं पद अधिक गुंत्याची एन्ट्रॉपी, ही बेरीज केली की जाळी किती बारीक होती हा प्रश्नच उरत नाही. गेज क्षेत्रांच्या (विद्युतचुंबकीय क्षेत्रासारख्या क्षेत्रांच्या) बाबतीत बारकावे आहेत, पण गाभा हाच. एकट्या पदाला अर्थ नाही, बेरजेला आहे. तिला सामान्यीकृत एन्ट्रॉपी म्हणतात आणि बेकेन्स्टाइन यांनी दुसरा नियम तिच्यासाठीच मांडला होता.

मग स्ट्रिंग सिद्धांतात काय होतं? तिथे बिंदुकण नाहीत, स्ट्रिंगला लांबी आहे, म्हणजे बारीकपणाची मर्यादा निसर्गतःच असायला हवी. हा प्रश्न नव्वदच्या दशकात हाती घेणाऱ्यांत कोल्हापूरचे अतिश दाभोलकर होते. पुढे ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते आणि २०१९ मध्ये इटलीतल्या त्रिएस्ते इथल्या आयसीटीपी या आंतरराष्ट्रीय भौतिकशास्त्र केंद्राचे संचालक झाले. शंकूच्या आकाराच्या अवकाशात टोकाशी स्ट्रिंग कशी वागते यावरून एन्ट्रॉपी काढायची, ही त्यांची पद्धत. अडचण अशी की वाटेत टॅकिऑन (वस्तुमानाचा वर्ग ऋण असलेले, अस्थिरता दाखवणारे कण) येतात आणि उत्तर अनंत होऊ पाहतं. २०२३ मध्ये त्यांनी आणि उपमन्यु मोइत्रा यांनी दाखवलं की या टॅकिऑनांचा वाटा योग्य रीतीने एकत्र केला तर उत्तर सांत, म्हणजे मर्यादित येतं. एका प्रश्नाला इतकी वर्षं धरून राहणं मला त्या निकालाइतकंच मोलाचं वाटतं.

गोंधळात भर घालणारं आणखी एक सूत्र आहे. २००६ मध्ये शिन्सेई र्यू आणि तादाशी ताकायानागी यांनी मांडलं की एन्टँगलमेंट एन्ट्रॉपी म्हणजे एका किमान पृष्ठाचं क्षेत्रफळ भागिले गुरुत्व स्थिरांकाची चौपट. मग शेवटी दोन्ही एकच निघाल्या का? नाही. इथे गुंता आहे तो एका विश्वाच्या सीमेवरच्या, गुरुत्वाकर्षण नसलेल्या सिद्धांतातला. क्षेत्रफळ आहे ते आतल्या, गुरुत्वाकर्षण असलेल्या विश्वातलं. हुआन माल्दासेना यांच्या १९९७ च्या कल्पनेनुसार हे दोन सिद्धांत एकाच गोष्टीची दोन वर्णनं आहेत. आतल्या विश्वातल्या क्षेत्रांचा स्वतःचा गुंता त्यात धरलेलाच नव्हता. तो २०१३ मध्ये फॉकनर, लेव्हकोविच आणि माल्दासेना यांनी धरला, तेव्हा पुन्हा तीच बेरीज समोर आली.

हा फरक किती कामाचा आहे ते माहितीच्या कोड्यात कळतं: कृष्णविवर विरून गेलं की त्यात पडलेल्या माहितीचं काय होतं? प्रारणामुळे कृष्णविवर विरत जातं तसं क्षितिज आकसतं, म्हणजे पहिली एन्ट्रॉपी घटते. हॉकिंग यांच्या हिशेबाने बाहेर पडलेल्या प्रारणाचा आतल्या भागाशी असलेला गुंता मात्र वाढतच राहतो. क्षितिजाची एन्ट्रॉपी सांगते की कृष्णविवराच्या जास्तीत जास्त किती अवस्था असू शकतात. गुंता त्याहून जास्त कसा असेल? १९९३ मध्ये डॉन पेज यांनी म्हटलं की साधारण अर्धी एन्ट्रॉपी बाहेर पडल्यावर प्रारणाची एन्ट्रॉपी उतरू लागली पाहिजे. २०१९ च्या मे महिन्यात जेफ पेनिंग्टन यांनी, आणि वेगळेपणाने अल्महेरी, एंगलहार्ट, मॅरॉल्फ व मॅक्सफिल्ड यांनी हा उतार गणिताने काढून दाखवला. त्यासाठी त्यांनी जी राशी किमान केली ती एकटं क्षेत्रफळ नव्हती आणि एकटा गुंताही नव्हता; ती दोन्हींची बेरीज होती. दोन्ही एकच मानल्या असत्या तर किमान करायला काही उरलंच नसतं.

गणिती बाजूने २०२१-२२ मध्ये एडवर्ड विटेन आणि सहकाऱ्यांनी याला भक्कम आधार दिला. निव्वळ क्वांटम क्षेत्र सिद्धांतात एखाद्या प्रदेशाच्या एन्ट्रॉपीची नीट व्याख्याच करता येत नाही. गुरुत्वाकर्षण अगदी थोडंसं जोडलं की त्या प्रदेशातल्या मोजमापांच्या बीजगणिताचा प्रकार बदलतो, व्याख्या शक्य होते, आणि हाती येते ती सामान्यीकृत एन्ट्रॉपीच. मात्र एका स्थिरांकाची मोकळीक राहते: दोन अवस्थांमधला फरक मिळतो, मूळ आकडा मिळत नाही. मूळ आकड्यासाठी अवस्था एकेक करून मोजाव्या लागतात. तसं स्ट्रॉमिंजर आणि वाफा यांनी १९९६ मध्ये काही सुपरसिमेट्रिक (कणांच्या दोन मुख्य प्रकारांना जोडणारी सममिती असलेल्या) कृष्णविवरांसाठी केलं आणि चतुर्थांश बरोबर आला. साध्या, सुपरसिमेट्री नसलेल्या श्वार्झशील्ड (न फिरणाऱ्या, विद्युतभार नसलेल्या) कृष्णविवरासाठी स्ट्रिंग सिद्धांतातून तितकी नेमकी मोजणी अजून झालेली नाही.