बुटक्या झाडांचं म्हातारं रान

वाईहून पसरणीचा घाट चढून महाबळेश्वरला आलेले पाहुणे हमखास विचारतात, "एवढा पाऊस, मग झाडं अशी बुटकी का?" प्रश्न रास्त आहे. वाईत वर्षाचा पाऊस 1000 मिलिमीटरही भरत नाही, आणि तीसेक किलोमीटरवर, इथे, 6000 च्या आसपास.

पण तो सगळा चार महिन्यांत कोसळून जातो. उरलेले आठ महिने कोरडे. त्यात जवळपास 1370 मीटर उंचीवरचा वारा आणि जांभ्या दगडावर जेमतेम वीतभर माती. झाड उंच वाढणार कुठून? हेच अंजनी-जांभूळ खाली खोऱ्यात, आडोशाला आणि खोल मातीत सरळसोट वाढतात.

अंजनी, जांभूळ आणि पिसा ही इथली मुख्य मंडळी. (ही अंजनी म्हणजे खानदेशातला अंजन नव्हे. तो शेंगांच्या कुळातला, पानगळीचा.) अंजनीचं पान दुमडून पाहा: जाड, चिवट, वरून तुकतुकीत. पाणी राखायची ही सोय. उन्हाळ्याच्या तोंडाला तिच्या जुन्या फांद्यांवर, पानं नसलेल्या पेऱ्यांतून निळ्या-जांभळ्या फुलांचे झुपके थेट फुटतात. फूल नखाएवढंही नाही, चार पाकळ्या आणि आठ पुंकेसर, पण फांदीच निळी दिसते. लाकूड इतकं टणक की हिला लोखंडी असंही नाव आहे. असल्या झाडाचं वय खोडाच्या जाडीवरून सांगायला जाऊ नये. मनगटाएवढं खोडही चांगलंच जुनं असू शकतं.

हे रान 2001 पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रात येतं. संरक्षण लागतं, त्याचं एक कारण बियांत आहे. जांभळाची बी वाळली की मेली. गवताच्या बियांसारखी ती मातीत वर्षानुवर्षं वाट पाहत पडून राहत नाही. म्हणजे फळणारी झाडं तोडली की मातीत बियांचा साठा काही उरत नाही. उघड्या उतारावर कारवी आणि नेचे पसरतात. सिल्व्हर ओक या परदेशी झाडाची रोपं ओळीत लावून ही भरपाई होते असं मानणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, त्यांना जूनअखेर जुन्या जांभळाखाली नेतो.

तिथे पाचोळा बाजूला सारला की एकाच बीतून दोन-दोन, तीन-तीन कोंब निघालेले दिसतात. बहुतेक मरतात. काही मात्र गुडघ्याएवढे होऊन सावलीत तसेच थांबतात, वरचं एखादं झाड वाऱ्यात पडून ऊन खाली येईपर्यंत.