गंजलेल्या दगडाचा पूल

पणजीहून जुन्या गोव्याला निघालं की शहराच्या टोकाचा पाटो हा भाग मागे पडतो आणि रस्ता पाण्याच्या कडेने सरळ धावू लागतो. डावीकडे मांडवी, उजवीकडे खारफुटी आणि मिठागरं. रायबंदर येईपर्यंतचे हे सुमारे ३ किलोमीटर आपण चारशे वर्षांच्या जुन्या पुलावरून जातोय, हे बसमधल्या कुणाच्या ध्यानातही येत नाही.

हा पोन्ते द लिन्यारिश. लिन्यारिशचा काउंट, पोर्तुगीज व्हाइसरॉय मिगेल द नोरोन्या याच्या कारकिर्दीत, १६३४ च्या सुमारास तो बांधून झाला. तेव्हा राजधानी जुन्या गोव्यात होती आणि पणजी म्हणजे दलदलीपलीकडचं लहानसं गाव. पुढे रोगराईने जुनं गोवं ओस पडत गेलं, १७५९ मध्ये व्हाइसरॉयने पणजीत मुक्काम हलवला आणि १८४३ मध्ये पणजी रीतसर राजधानी झाली. त्याच्या कितीतरी आधीपासून हा रस्ता तयार होता.

पण याला पूल म्हणावं का? बराचसा भाग दगडमातीचा भरीव बांध आहे आणि त्यात जागोजागी कमानी सोडल्या आहेत. मला विचाराल तर हा भोकं पाडलेला बांध, आणि सगळी अक्कल त्या भोकांत आहे. मांडवीच्या या पट्ट्यात दिवसातून दोनदा भरती येते. बांध सलग घातला असता तर आतल्या बाजूला खारं पाणी पोचलं नसतं, पावसाळ्यात डोंगरउतारावरून उतरणारं पाणी तुंबलं असतं, खारफुटी आणि मिठागरं दोन्ही मेली असती. आपल्या खाजन शेतीत, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतांत, मानशीचं (बांधातल्या पाणवाटेचं) दार भरतीला आपोआप मिटतं आणि खाऱ्या पाण्याला बाहेर ठेवतं. इथे नेमकं उलटं: दारच नाही, पाण्याने हवं तसं यावं-जावं.

दगड अर्थातच जांभा, आपले नेहमीचे चिरे. भरपूर पाऊस आणि उष्णता यांनी मूळ खडकातली सिलिका आणि इतर विरघळणारी द्रव्यं शतकानुशतकं धुऊन नेली की मागे लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं उरतात, तोच जांभा. खाणीत तो इतका मऊ असतो की कुऱ्हाडीसारख्या हत्याराने कापता येतो. उघड्यावर सुकला की कडक होतो. त्याचा तांबूस रंग म्हणजे दुसरं काही नाही, गंज. १९८६ च्या जुलैत शेजारचा काँक्रीटचा मांडवी पूल कोसळला, बांधून जेमतेम दीड दशक झालं असताना. लांब गाळ्यांच्या, नदी ओलांडणाऱ्या पुलाशी या बुटक्या बांधाची तुलना अन्यायाची आहे, हे कबूल. तरी एक गोष्ट खरीच: काँक्रीटच्या पोटातलं पोलाद खाऱ्या हवेत गंजतं आणि फुगून काँक्रीट फोडतं. जांभा आधीच गंजलेला. त्यात आणखी गंजायला उरलंय काय?

जांभ्याचा दोष म्हणजे त्याला ताण सोसत नाही. आडवी तुळई म्हणून ठेवलात तर खालच्या बाजूने तडकेल. दाब मात्र तो झेलतो, आणि कमानीत प्रत्येक चिरा शेजारच्याला फक्त दाबत असतो. म्हणून मोठ्या कमानींच्या भानगडीत न पडता लहान लहान कमानी, आणि मधल्या भरीव बांधामुळे चिखलावरचा भारही लांबवर पसरलेला.

चिरे सांधायला त्या काळी चुना. किनाऱ्यावर तो शिंपल्या भाजून करत. चुना सिमेंटइतका कडक होत नाही, हाच त्याचा गुण. खालचा चिखल थोडा दबला तर चुन्याचे सांधे जरा सरकून घेतात. बारीक भेगेत पाणी शिरलं तर चुना थोडा विरघळून पुन्हा त्याच भेगेत साका धरतो. अशा भिंतीवर डागडुजीला सिमेंट थापलं की सांधे बंद होतात, ओल चिऱ्यांतून वाट काढते आणि मिठाचे स्फटिक दगडाच्या आतच वाढतात. मग सिमेंट जिथल्या तिथे राहतं, पापुद्रे सुटतात ते चिऱ्याचे.