पश्चिमेच्या खिडकीला पडदे घ्यायच्या आधी हे वाचा

मार्च लागला की आमच्या दुकानात एकच फोन सारखा येतो. ब्लॅकआउट (उजेड अडवणारं जाड कापड) लावलंय तरी दुपारी खोली तापतेच, कडेने ऊन येतंच, कापड हलकं दिलं का? यातल्या काहींनी पडदे दुसरीकडून घेतलेले असतात, काहींनी आमच्याकडूनच, पण माप स्वतः घेऊन व्हॉट्सॲपवर पाठवलेलं. घरी जाऊन बघितलं तर कापड बहुतेक वेळा चांगलंच निघतं, गडबड असते मापात आणि रॉड कुठे ठोकलाय त्यात. एकदा शिवलेला पडदा नंतर रुंद करता येत नाही, म्हणजे तुमचे पैसे गेले आणि आमच्या टेलरचा दिवस गेला. म्हणून हे सगळं एकदाच लिहून काढलंय, दुकानात यायच्या आधी वाचून या.

ऊन नक्की कुठून येतं

पश्चिम म्हणजे मावळती एवढंच आपण धरून चालतो, पण सूर्य वर्षभर एकाच जागी मावळत नाही. नाशकात जूनमध्ये तो बरोबर पश्चिमेपासून साधारण २५ अंश उत्तरेला सरकून मावळतो आणि डिसेंबरात तेवढाच दक्षिणेला. त्यामुळे वायव्येला तोंड असलेली खिडकी दिवाळीत बघाल तर तिच्यात ऊन तिरकंच येतं आणि फारसा त्रास देत नाही, आणि तीच खिडकी मे महिन्यात संध्याकाळी सहालासुद्धा डोळे उघडू देत नाही. दक्षिणेच्या खिडकीचं बरोबर उलटं. मेच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य नाशिकच्या डोक्यावर असतो, त्यामुळे दक्षिणेकडून ऊन जवळपास येतच नाही, पण डिसेंबरात त्याच खिडकीतून ते पार पलंगापर्यंत पोचतं आणि थंडीत ते हवंहवंसंच असतं. नवीन फ्लॅटचा ताबा थंडीत मिळालेले लोक म्हणून दक्षिणेला महागडं ब्लॅकआउट लावून बसतात आणि खरी त्रासाची खिडकी तशीच उघडी राहते.

छज्जा आहे की, असं पुष्कळ जण म्हणतात. छज्जा चांगलाच, पण तो डोक्यावरच्या उन्हाला. मे महिन्यात सूर्य सातच्या पुढे मावळतो, चारनंतर तो खाली यायला लागला की छज्ज्याच्या खालून सरळ आत शिरतो, दीड फुटी छज्जा संध्याकाळी पाचला वरची जेमतेम नऊ-दहा इंच काच झाकतो, बाकी सगळी उघडी. आणि बाहेरची हवा पण त्याच सुमाराला, तीन-चारला, सगळ्यात जास्त तापलेली असते. जुन्या नाशकातल्या वाड्यांना जाड भिंती आणि लहान खिडक्या होत्या, त्यांना हा प्रश्न एवढा नव्हता. आता गंगापूर रोडला किंवा पाथर्डी फाट्याला नव्या बिल्डिंगमध्ये हॉलला पूर्ण भिंतभर काच असते, समोर आडोसा काहीच नाही, तिथे आठव्या मजल्यावर पश्चिमेचं ऊन म्हणजे काय ते राहणाऱ्यालाच माहीत.

मोबाईलमधलं कंपास लावून खिडकीचं तोंड कुठे आहे ते बघा, फक्त लोखंडी ग्रिलला चिकटून उभं राहू नका, ग्रिलजवळ कंपास चुकीची दिशा दाखवतं. खोलीच्या मधोमध उभं राहून बघा.

पडदा जाड घेतला तरी खोली का तापते

ऊन काचेतून आत आलं की पडद्यावर पडतं, पडदा तापतो, आणि तापलेला पडदा ती उष्णता खोलीतच सोडतो. उजेड अडवणं आणि उष्णता अडवणं ही दोन वेगळी कामं आहेत. गडद कॉफी किंवा नेव्ही रंगाचा दोन्ही बाजूंनी सारखा ब्लॅकआउट लावला तर अंधार मस्त होतो पण दुपारी चारला त्याच्या मागे हात लावून बघा, चटका बसेल. त्यापेक्षा काचेकडची बाजू पांढरी असलेलं कोटेड कापड घ्या, किंवा तुमच्या आवडीच्या कापडाला मागून पांढरं अस्तर लावा, म्हणजे बरंचसं ऊन आलं तसंच काचेतून बाहेर परत जातं. पुढून रंग कुठलाही चालेल, तो तुमच्या सोफ्याशी जुळवा. बरेच जण म्हणतात मागची बाजू कोण बघतंय, साधंच द्या. मागची बाजू सूर्य बघतो आणि काम तिचंच आहे, म्हणून आम्ही तिथे पैसे वाचवू देत नाही.

सगळ्यात चांगला उपाय मात्र बाहेरूनच. ऊन काचेच्या आधी अडवलं तर ते आत येतच नाही, त्याच्याशी आतला कुठलाही पडदा बरोबरी करू शकत नाही, पडदे विकत असूनही हे आम्ही प्रत्येकाला सांगतो. बाल्कनी असेल तर बाहेरच्या कडेला बांबूची चिक लावा, ती आम्ही मापाप्रमाणे करून देतो. तिला खाली दोन्ही टोकांना हुक आणि दोरी हवीच, मे-जूनमध्ये पश्चिमेचा वारा सुटला की मोकळी चिक रात्रभर रेलिंगवर आपटते आणि शेजारचे सोसायटीच्या ग्रुपवर लिहितात. पावसाळ्यात गुंडाळून वर बांधायची, नाहीतर बुरशी धरते. आणि चिकचा रंग सोसायटीला आधी विचारा, काही ठिकाणी बाहेरून सगळ्यांची सारखीच लागते.

आणखी एक, खरं सांगायचं तर भिंतीला आमच्याकडे उपाय नाही. पश्चिमेची भिंत दुपारभर तापते आणि रात्री दहा-अकरापर्यंत ती उष्णता आत सोडत राहते. पडदा उत्तम लावूनही बेडरूम झोपायच्या वेळी गरम वाटत असेल तर ती भिंत आहे, पडदा नाही. नाशकात उन्हाळ्यातसुद्धा रात्री हवा बऱ्यापैकी उतरते, तर दुपारी दोनच्या आत खिडकी आणि पडदा दोन्ही बंद करा आणि अंधार पडला की दोन्ही सताड उघडा. लोक नेमकं उलटं करतात, दुपारी वाऱ्यासाठी खिडकी उघडी आणि रात्री एसीसाठी बंद.

माप, आणि इथेच सगळं बिघडतं

टेप घेऊन काचेच्या या फ्रेमपासून त्या फ्रेमपर्यंत मोजायचं, ६० इंच आलं की ६० पाठवायचं, असं जवळपास सगळेच करतात. ते खिडकीचं माप झालं, पडद्याचं नाही. पडदा काचेएवढाच असेल तर दोन्ही कडांनी ऊन येणारच, कारण ब्रॅकेटमुळे रॉड भिंतीपासून तीन-चार इंच पुढे असतो आणि संध्याकाळचं ऊन तिरकं येतं. त्या फटीतून आलेली तिरीप बरोबर उशीवर पडते, मग आख्खं ब्लॅकआउट वाया गेल्यासारखं वाटतं.

आमचा हिशोब सांगतो म्हणजे बिल बघून शंका राहणार नाही. खिडकी ५ फुटी, म्हणजे ६० इंच. दोन्ही बाजूंना १०-१० इंच जास्त धरले, रॉड झाला ८० इंच. आयलेटच्या, म्हणजे वर गोल रिंगा असलेल्या, पडद्याला चांगल्या चुण्या पडायला रॉडच्या दुप्पट कापड लागतं, म्हणजे १६० इंच. कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, ४८ इंची, दोन्ही कडा मुडपल्या की हातात ४४ च्या आसपास राहतो, म्हणजे लागले चार पन्हे. काचेचंच माप धरलं असतं तर १२० इंचात, तीन पन्ह्यांत भागलं असतं. तो चौथा पन्हा बघून गिऱ्हाईकाला वाटतं दुकानदार उगाच वाढवतोय. तसं नाही हो. तीन पन्ह्यांचा पडदा ८० इंचावर ओढला तर चुण्या जातात, वाळत घातलेल्या चादरीसारखा ताणलेला दिसतो, आणि मधोमध जिथे दोन पडदे भेटतात तिथे फट राहते ती वेगळीच. पश्चिमेची खिडकी नसेल तर आम्ही स्वतःच सांगतो की तीनमध्ये होईल, पैसे वाचवा.

वरच्या बाजूचं पण तेच. रॉड फ्रेमच्या निदान आठ इंच वर घ्या, आणि वरून येणारा उजेडसुद्धा नको असेल तर पेल्मेट, म्हणजे रॉड झाकणारी वरची पेटी, करा नाहीतर छताला चॅनेल, म्हणजे पडदा सरकायची पट्टी, लावा, कारण आयलेटचा पडदा रॉडच्या वर उघडाच असतो. कडेला पडद्याचं शेवटचं टोक मागे वळवून भिंतीला हुकात अडकवायचं, याला आम्ही रिटर्न म्हणतो, खर्च अगदी किरकोळ आणि फरक सगळ्यात मोठा. फॉल्स सीलिंग व्हायचं असेल तर त्याआधी आम्हाला बोलवा. पडद्यासाठी छतात खाच नंतर करायला गेलं की पीओपी फोडावं लागतं आणि पुन्हा रंग.

तुम्हालाच माप पाठवायचं असेल, बाहेरगावी राहता वगैरे, तर फक्त इंचात पाठवा. ५.१० असं लिहिलेलं येतं, ते पाच फूट दहा इंच की ५.१ फूट? यात जवळपास नऊ इंचांचा फरक आहे आणि फोन लागला नाही तर ऑर्डर तिथेच थांबते. रोलर ब्लाइंड (वर गुंडाळलं जाणारं सपाट कापड) फ्रेमच्या आत बसवायचं असेल तर रुंदी वर, मध्ये, खाली अशी तीन ठिकाणी मोजा आणि सगळ्यात लहान आकडा द्या, चौकटी दिसतात तेवढ्या सरळ नसतात.

कुठल्या खोलीला काय

बेडरूमला पांढऱ्या पाठीचं ब्लॅकआउट आणि मागे एक शिअर, म्हणजे पातळ झिरझिरीत पडदा, डबल रॉडवर. रोलर हवं असेल तर ते फ्रेमच्या बाहेरून लावा, आत लावलं तर मशीनमुळे कापड दोन्ही बाजूंना अर्धा-पाऊण इंच कमी पडतं आणि नेमकी तिथूनच तिरीप येते. झेब्रा ब्लाइंड, म्हणजे जाड आणि झिरझिरीत आडव्या पट्ट्यांचं, आज सगळ्यांना पाहिजे असतं, दिसतं छान, पण पूर्ण बंद केल्यावरही पट्ट्यांमधून उजेड झिरपतो, पश्चिमेच्या बेडरूमला आम्ही देत नाही, हट्टच धरलात तर आधी सांगूनच देतो.

हॉलमध्ये अंधार करून कोणी बसत नाही. तिथे सनस्क्रीन रोलर बघा. त्याच्यावर १, ३, ५, १० टक्के असे आकडे असतात, तो आकडा म्हणजे कापडात मोकळ्या छिद्रांचं प्रमाण. पश्चिमेला ३ च्या वर जाऊ नका. गडद स्क्रीनमधून बाहेरचं स्पष्ट दिसतं आणि डोळ्यांना झगमग कमी होते, फिका स्क्रीन उष्णता जास्त परतवतो, दोन्ही एकात हवं असेल तर बाहेरून फिका आतून गडद असा येतो, थोडा महाग पडतो. रात्री आतले दिवे लावले की स्क्रीनमधून बाहेरच्याला आतलं दिसतं हे विसरू नका, त्यासाठी सोबत साधा पडदा ठेवावा लागतो. घरून काम करणाऱ्यांनी टेबल खिडकीला काटकोनात ठेवावं, ब्लाइंडवरचा अर्धा भार तिथेच कमी होतो.

किचनला कापड नको, गॅसजवळ तर अजिबात नको. ॲल्युमिनियमच्या आडव्या पट्ट्यांचं व्हेनेशियन ब्लाइंड लावा, पुसता येतं. लहान मुलं असलेल्या घरात ब्लाइंडच्या साखळीचा फास लोंबकळत ठेवायचा नाही, भिंतीवर उंच क्लिप मारून ताणून बसवायचा, ती क्लिप आम्ही न विचारताच बसवतो.

सिल्क आणि गडद कॉटन पश्चिमेला दोन-तीन उन्हाळ्यांत विटतं. फारच आवडलं असेल तर अस्तराशिवाय शिवणार नाही. पॉलिएस्टर मिक्स जास्त टिकतं, कॉटनसारखंच दिसणारं आता मिळतं.

आमची पद्धत

पश्चिमेच्या खिडकीचं माप घ्यायला आम्ही दुपारी तीननंतरच येतो, सकाळी या म्हणालात तरी तीननंतरचीच वेळ मागू. ऊन पडलेलं असताना ते कुठून शिरतं, समोरच्या बिल्डिंगची सावली कधी येते, हे दिसतं, सकाळी अंदाज करावा लागतो. व्हिजिटचे पैसे घेतो ते ऑर्डर दिलीत की बिलातून वजा. सोबत दोन-तीन कापडांचे मोठे तुकडे आणतो, ते तुमच्या काचेवर धरून बघायचे, दुकानातल्या ट्यूबलाइटमध्ये सगळीच कापडं ब्लॅकआउट वाटतात.

दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस टेलरकडे श्वास घ्यायला वेळ नसतो, तेव्हा हॉलचे पडदे करून घ्या हवं तर, पण उन्हाच्या खिडक्या फेब्रुवारीत, होळीच्या आत सांगा, काम निवांत होतं आणि कापडात निवड पण जास्त मिळते. कोटेड ब्लॅकआउट मशीनमध्ये पिळायचं नाही, कोटिंगच्या बाजूने इस्त्री नाही, ओल्या फडक्याने पुसलं की पुरे, वर्षातून एकदा हाताने धुऊन सावलीत वाळवा. धुवायला काढताना हुक कुठल्या क्रमाने होते त्याचा एक फोटो काढून ठेवा. परत लावायला माणूस हवा असेल तर सांगा, आमच्याकडचे पडदे असतील तर पहिल्या वर्षी त्याचे पैसे घेत नाही.