सर्जनशीलता व नेतृत्वगुणांचा विकास (माध्यमिक शाळा)

साधारण १३ ते १८ वयोगटातील विद्यार्थ्यांना नव्या कल्पना शोधण्याचा आणि चार जणांना सोबत घेऊन त्या तडीस नेण्याचा सराव देणारी अध्यापनपद्धती. या दोन गुणांसाठी अनेकदा वेगवेगळी शिबिरे घेतली जातात. पण ते एकाच गटप्रकल्पात चांगले रुजतात : कल्पना इतरांना पटवताना नेतृत्वाचा कस लागतो आणि काम अडले की कल्पकतेचा.

प्रकल्पपद्धतीची (हाती घेतलेले काम तडीस नेता नेता शिकण्याची) मांडणी अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ विल्यम किलपॅट्रिक यांनी १९१८ मध्ये केली. कर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट व राल्फ व्हाइट या मानसशास्त्रज्ञांनी १९३९ मध्ये दहा वर्षांच्या मुलांच्या गटांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. हुकूमशाही पद्धतीच्या गटात प्रौढ प्रमुख खोलीबाहेर गेला की काम मंदावे. सगळ्यांना विचारून चालणाऱ्या गटात ते सुरू राही. शिक्षक वर्गाबाहेर असताना गट काय करतो, ही कसोटी आजही उपयोगी पडते.

कल्पना काढण्यासाठी ॲलेक्स ऑस्बॉर्न यांचे विचारमंथन (गटाने टीका न करता सुचेल ते बोलत जाणे) सर्वत्र वापरले जाते. मात्र १९५८ मध्ये येल विद्यापीठातील अभ्यासात असे दिसले, की तितकीच माणसे एकेकटी बसली तर त्यांच्या एकत्र केलेल्या कल्पना गटापेक्षा जास्त भरतात. एक बोलत असताना बाकीचे थांबतात, आणि थांबता थांबता सुचलेले विसरतात. म्हणून आधी लिहिणे, मग बोलणे. बर्न्ड रोरबाख यांची १९६८ मधील ६-३-५ पद्धत याला सोयीची आहे : सहा जणांनी पाच मिनिटांत प्रत्येकी तीन कल्पना लिहायच्या, कागद शेजाऱ्याकडे सरकवायचा आणि त्याने त्यांत भर घालायची. सहा फेऱ्यांत, म्हणजे अर्ध्या तासात, कागदांवर १०८ नोंदी होतात. ‘मधल्या सुट्टीत ग्रंथालय रिकामे का राहते?’ या प्रश्नावर पहिल्या ओळीत बहुधा ‘नवी पुस्तके आणा’, ‘फलक लावा’ असेच येते. ‘वाचणाऱ्याने पुस्तकात आवडलेल्या पानाची चिठ्ठी ठेवावी’ यासारखी कल्पना चौथ्या-पाचव्या ओळीत उतरते. वेळ पुरत नाही म्हणून दोन फेऱ्यांवर थांबले तर नेमके हेच हातचे जाते.

पुढील कामासाठी चार-पाच जणांचा गट व सहा ते आठ आठवडे पुरतात. गटप्रमुख, नोंद ठेवणारा, वेळ व साहित्य पाहणारा आणि शंका काढणारा अशा भूमिका दर दोन आठवड्यांनी बदलाव्यात. शंका काढणाऱ्याची भूमिका कधीही गाळू नये. ती ठरवून दिलेली असली की मतभेद वैयक्तिक भांडण होत नाही. अबोल विद्यार्थ्याला पहिल्याच पाळीत प्रमुख केले तर बोलका मुलगा सूत्रे हाती घेतो आणि अबोल कायमचा मागे पडतो. त्याला दुसरी पाळी द्यावी. तोवर बैठक कशी चालते हे त्याने पाहिलेले असते. बैठक वीस मिनिटांची असावी : काय झाले, काय अडले, कोण काय कधीपर्यंत करणार. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नावानिशी लिहिले नाही तर ‘आपण करू’ म्हणून ठरलेले काम कोणीच करत नाही.

सर्वांत मोठी चूक शिक्षकांकडून होते. विषय, रंग, वक्ता, तारीख सगळे आधीच ठरलेले असते आणि मुलांच्या वाट्याला खुर्च्या मांडणे येते. निदान एक खरा निर्णय, उदाहरणार्थ ठरावीक रक्कम कशावर खर्च करायची हा, पूर्णपणे गटाकडे असावा, आणि तो चुकला तरी शिक्षकाने मध्येच सावरू नये. सुरक्षिततेचा प्रश्न मात्र याला अपवाद.

कल्पनांच्या टप्प्यावर गुण देऊ नयेत. गुण लागले की मुले शिक्षकाला आवडेल तेच लिहितात. नंतर मूल्यमापन करताना ओघ (किती कल्पना), लवचीकता (किती वेगवेगळ्या प्रकारच्या), नावीन्य व तपशील हे सर्जनशीलतेच्या चाचण्यांतले निकष घेता येतात. नेतृत्वासाठी गटाच्या बैठकवह्या वाचाव्यात : अडलेले काम कोणी उचलले, कोणाच्या शंकेने आराखडा बदलला, हे तिथे तारखेसह सापडते.